बाल्डर्स गेट मोबाइलवर: पहिली लेव्हल जगायची कशी

फ्रेंडली आर्म इन नावाच्या सराईच्या पायऱ्यांवर एक जादूगार उभा असतो. तो जवळ येतो, नावगाव विचारतो आणि अर्ध्या मिनिटात तुमचा हिरो मरून पडतो. बाल्डर्स गेट विकत घेतलेले बरेच जण इथंच वैतागून गेम काढून टाकतात. काहींना तर त्याआधीच वाटेतला लांडगा गाठतो, नाहीतर ओरडत धावून येणारे गिबरलिंग. मग म्हणायचं, गेम जुनाट आहे, फार अवघड आहे. खरं तर टॅप-टॅप करून मारामारी करायचा गेम समजून तो खेळला गेला, एवढीच चूक झालेली असते.

या गेममध्ये बोटांच्या वेगाला किंमत नाही. प्रत्येक वारामागं वीस बाजूंचा एक फासा पडतो आणि वार लागला की हुकला हे तो फासा ठरवतो. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी अमेरिकेत डंजन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवती बसून, कागद-पेन्सिल आणि फासे घेऊन खेळायचा खेळ काढला. त्याच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीचे नियम बायोवेअरने १९९८ मध्ये कॉम्प्युटरवर आणले, तोच बाल्डर्स गेट. आपण फोनवर खेळतो ती बीमडॉगची एन्हान्स्ड एडिशन. ती कॉम्प्युटरवर २०१२ ला आली आणि अँड्रॉइडवर २०१४ ला. फासे मात्र तेच राहिले. ते वाचायला शिकलात की पहिली लेव्हल निघते.

सुरू करण्याआधी

गेम एकदाच पैसे देऊन घ्यायचा. मध्ये जाहिराती येत नाहीत. डाउनलोड मोठं आहे, त्यामुळं ते घरच्या वाय-फायवर करा आणि एकदा मेनूपर्यंत जाऊन नवा गेम सुरू होतोय ना, हे बघूनच बाहेर पडा. एकदा नीट उतरला की एकट्यानं खेळायला नेट लागत नाही. साताऱ्याहून पुण्याला एसटीनं जाताना खंबाटकी घाटात रेंज गेली तरी काही अडत नाही.

फोनच्या स्क्रीनवर अक्षर बारीक दिसतं. ऑप्शन्समध्ये फाँट साइज वाढवायची सोय आहे, ती आधीच वापरा. हा गेम वाचायचा आहे, त्यात डोळे ताणून दोन तास निघत नाहीत. दोन बोटांनी झूम करून लढाई जवळून बघता येते. पण पूर्ण झूम करून चालत राहू नका, कडेनं आलेला धनुर्धारी दिसत नाही.

आता खरं काम. ऑप्शन्समध्ये तीन गोष्टी बदलायच्या.

पहिली ऑटो-पॉज. लढाई थांबवून हुकूम देता येतात, हीच या गेमची जान आहे, आणि फोनवर पॉजचं बटण वेळेत सापडेलच असं नाही. म्हणून 'शत्रू दिसला', 'आपल्यातला कुणी जखमी झाला', 'हत्यार निकामी झालं', 'ट्रॅप सापडला' आणि 'समोरचा मेला' या वेळी गेम आपोआप थांबेल असं करून ठेवा. 'राउंड संपला' हा पर्यायही आहे. एक राउंड सहा सेकंदांचा असतो. पहिल्या दोन-तीन लढायांपुरता हा चालू ठेवा, म्हणजे सहा सेकंदांत किती वार होतात याचा अंदाज बसतो. नंतर बंद करा, नाहीतर कंटाळा येईल.

दुसरी फीडबॅक. तिथं 'टू-हिट रोल्स' चालू करा. मग खालच्या मजकुराच्या चौकटीत प्रत्येक वाराचा फासा छापून येतो: फाशावर किती पडले, त्यात काय मिळवलं, बेरीज किती झाली, वार लागला की हुकला. हे बंद ठेवून खेळणं म्हणजे क्रिकेटची मॅच स्कोअरबोर्ड झाकून बघणं. गेम फोनवर असला तरी टेबलावरचा खेळ दिसतो तो याच चौकटीत.

तिसरी डिफिकल्टी. नॉर्मल ठेवा. स्टोरी मोडमध्ये तुमचं कुणी मरतच नाही, त्यामुळं चूक झाल्याचं कळत नाही आणि फाशांकडून काही शिकायलाही मिळत नाही. कोअर रूल्स हा टेबलावरच्या नियमांना धरून असलेला पर्याय आहे, पण तो दुसऱ्या खेपेला. नवख्यानं त्यात शिरू नये असं आमचं स्पष्ट मत आहे, कारण त्यात लेव्हल वाढताना मिळणारे हिट पॉइंटसुद्धा (किती मार सोसता येतो तो आकडा) फाशावर अवलंबून असतात आणि वाईट पडले तर ते कायमचे चिकटतात.

एक आणखी. पार्टी एआय चालू असेल तर सोबती स्वतःच्या मनानं लढतात आणि मंत्र नको तिथं उडवून टाकतात. पहिल्या लेव्हलला जादूगाराकडं एखादाच मंत्र असतो. तो उंदरावर खर्च झाला तर पुढच्या झोपेपर्यंत हात हलवत बसायचं. एआय बंद करा.

वीस चकत्यांची पिशवी

थॅको या शब्दाला लोक घाबरतात. 'टू हिट आर्मर क्लास झिरो' याचं ते आखूड रूप. आर्मर क्लास शून्य असलेल्या शत्रूला वार लागायला वीसच्या फाशावर किती पडायला हवेत, तो आकडा म्हणजे थॅको. पहिल्या लेव्हलला सगळ्यांचा मूळ थॅको २० असतो. आर्मर क्लास म्हणजे अंगावरच्या संरक्षणाचा आकडा. उघड्या अंगाला १०, कातडी चिलखताला ८, साखळ्यांच्या चिलखताला ५, स्प्लिंट मेलला ४, प्लेट मेलला ३. ही उलटी गंगा आहे: दोन्ही आकडे जितके कमी तितकं चांगलं. नवख्याची निम्मी गडबड इथंच होते. चांगलं चिलखत घातल्यावर आकडा उतरलेला बघून माणूस ते काढून टाकतो.

हे डोक्यात बसवायला घरातला तांबोला काढा. त्यातल्या १ ते २० आकड्यांच्या चकत्या वेगळ्या काढून कापडी पिशवीत टाका. झाला वीस बाजूंचा फासा. एक चकती काढायची, आकडा वाचायचा आणि परत पिशवीत टाकून हलवायची. परत टाकायला विसरलात तर गणित बिघडतं, कारण खऱ्या फाशावर तोच आकडा लागोपाठ पुन्हा पडू शकतो.

आता एक लढवय्या घ्या. त्याची ताकद १७, म्हणून वार लागायला १ जादा. हत्यारात दोन स्टार, म्हणजे त्या हत्याराची खास सवय, म्हणून आणखी १. त्याचा थॅको झाला १८. समोर कोबोल्ड नावाचा छोटा राक्षस, आर्मर क्लास ७. अठरातून सात वजा केले, राहिले ११. पिशवीतून ११ किंवा वरची चकती आली तर वार लागला. ११ ते २० म्हणजे दहा चकत्या, वीसपैकी दहा, पन्नास टक्के. समोर आर्मर क्लास १० चा गिबरलिंग असेल तर ८ पुरेत, म्हणजे पासष्ट टक्के. नुसता २० पडला तर वार लागतोच आणि जखम दुप्पट होते. १ पडला तर हुकतोच. डोक्यावर हेल्मेट असेल तर दुप्पट जखम होत नाही. म्हणून हाती पडलेलं पहिलं हेल्मेट पुढच्या माणसाच्या डोक्यावर जायला हवं, विकायला नाही.

हेच उलट बाजूनं करून बघा, तिथं खरा फायदा दिसतो. कोबोल्डचा थॅको २० धरा. तुमच्या अंगावर नुसतं कातडी चिलखत आणि डेक्स्टेरिटी (चपळाई) साधारण, म्हणजे आर्मर क्लास ८. त्याला १२ पडले की तुम्हाला लागलं. बारापासून वीसपर्यंत नऊ चकत्या, पंचेचाळीस टक्के. आता डेक्स्टेरिटी १७ करा, त्याचे ३ कमी होतात. स्प्लिंट मेल घाला, हातात ढाल घ्या, तिचा आणखी १. चारातून तीन आणि एक गेले, आर्मर क्लास शून्य. आता कोबोल्डला २० च पडावे लागतात, वीसपैकी एकच चकती, पाच टक्के. शत्रू तेच, तुमचे हिट पॉइंट तेवढेच, पण मार नऊपट कमी. पहिल्या लेव्हलचं गुपित म्हणायचं तर ते हेच: आधी चिलखत, मग तलवार. विकत घेताना सगळे उलट करतात.

एक बारकावा. चिलखताची माहिती उघडलीत तर कापणाऱ्या, टोचणाऱ्या आणि ठेचणाऱ्या हत्यारांसाठी आकडा थोडा कमी-जास्त दिसेल. सुरुवातीला त्यात डोकं घालू नका.

पिशवीनं अजून एक गोष्ट कळते, सेव्हिंग थ्रो. मंत्र अंगावर आला की तो लागतो की नाही हेही वीसच्या फाशावर ठरतं. पहिल्या लेव्हलच्या लढवय्याचा मंत्राविरुद्धचा आकडा १७ असतो. १७ किंवा जास्त पडले तर वाचला. वीसपैकी चारच चकत्या, वीस टक्के. पायऱ्यांवरच्या जादूगारापुढं लोक का मरतात, याचं उत्तर या चार चकत्यांत आहे.

हिरो कसा बनवायचा

पहिल्या खेपेला ड्वॉर्फ, म्हणजे बुटक्या जमातीचा, लढवय्या घ्या. ड्वॉर्फला त्याच्या कॉन्स्टिट्यूशननुसार (अंगाच्या काटकपणानुसार) मंत्राविरुद्ध जादा आधार मिळतो. कॉन्स्टिट्यूशन १८ असेल तर तो ५ चा असतो. म्हणजे सतरा ऐवजी १२ पडले की वाचला, चार चकत्यांच्या नऊ झाल्या. शिवाय लढवय्याला कॉन्स्टिट्यूशन १८ चे दर लेव्हलला ४ जादा हिट पॉइंट मिळतात. जादूगाराचे हिट पॉइंट चार बाजूंच्या फाशावर मोजतात. त्याला पहिल्या लेव्हलला कितीही चांगलं पडलं तरी सहाच्या आसपास, एका बाणात आडवा. जादूगार पुढं फार बलवान होतो, पण तिथवर त्याला जगवणं हे दुसऱ्या खेपेचं काम. तरी जादूगारच घ्यायचा असेल तर पहिला मंत्र स्लीप घ्या. कमी लेव्हलच्या शत्रूंचा अख्खा घोळका झोपतो आणि झोपलेल्यावर वार हुकत नाही. एल्फ आणि सांगाडे मात्र त्याला दाद देत नाहीत.

गुणांचा फासा हवा तितक्या वेळा पुन्हा टाकता येतो. बेरीज ८५ च्या पुढं गेली की थांबा. चांगली बेरीज आली की ती 'स्टोअर' करून मग पुढं टाकत राहा, म्हणजे घाईत हातची जात नाही. लढवय्याला ताकद, डेक्स्टेरिटी आणि कॉन्स्टिट्यूशन भरून घ्या. ड्वॉर्फची डेक्स्टेरिटी १७ पर्यंतच जाते, ती तेवढी कराच. विजडम आणि इंटेलिजन्समधून गुण काढले तरी लढवय्याचं फारसं बिघडत नाही. करिष्मा कमी असेल तर दुकानदाराशी आणि गावकऱ्यांशी बोलायला इमोएन या वाटेत भेटणाऱ्या सोबतिणीला पुढं करा.

हत्यारांचे चार स्टार मिळतात, एका प्रकारात जास्तीत जास्त दोन. दोन लाँगबोवर, दोन मेस (गदा) सारख्या ठेचणाऱ्या हत्यारावर. धनुष्यानं एका राउंडमध्ये दोन बाण सुटतात. सुरुवातीच्या गेममध्ये यासारखं दुसरं हत्यार नाही. पण धनुष्य दोन हातांचं आहे, त्यासोबत ढाल धरता येत नाही. म्हणून लांबून धनुष्य, शत्रू अंगावर आला की पॉज करून धनुष्य काढा, मेस आणि ढाल घ्या. ही अदलाबदल मोकळ्या जागेत चार-पाच वेळा करून बोटांना सवय लावा. लढाईत बॅग उघडून शोधत बसलात तर तोवर मार पडतो.

कँडलकीप

गेम सुरू होतो ती ही पहिली तटबंदी, इथं घाई करू नका. गोठ्याजवळच्या ड्रेपिनच्या गाईला औषध, हलची तलवार, रीव्हरच्या कोठारातले उंदीर, फिलिडियाचं हरवलेलं पुस्तक, फुलरचे बोल्ट (क्रॉसबोचे बाण). ही पाच कामं सोपी आहेत आणि थोडे पैसे, थोडा अनुभव देतात. हलची तलवार आणि गाईचं औषध बरॅकमधल्या एकाच पेटीत आहे, दोन फेऱ्या मारू नका. दोन घरांत मारेकरी टपून आहेत. दोघेही कच्चे आहेत, पण तटातच मेलात तर वाईट वाटतं, म्हणून आत शिरायच्या आधी चिलखत घाला. मिळालेले पैसे सरायवाल्या विन्थ्रॉपकडं आधी चिलखतात, मग ढालीत, मग धनुष्य-बाणांत घाला. बाण भरपूर घ्या.

वस्तू दाखवणारं बटण खाली आहे. ते दाबलं की उघडता येणाऱ्या पेट्या, पिंपं, दारं उजळतात. फोनवर त्याशिवाय खोलीतलं काही सापडत नाही.

वाटेवर

हिरोला वाढवणारा गोरियन गेल्यावर इमोएन भेटते. तिला घ्याच. ती चोर आहे, ट्रॅप शोधते, आणि तिच्याजवळ मॅजिक मिसाइलची (जादूच्या बाणांची) कांडी असते. ती कांडी विकू नका, गिबरलिंगवर उडवू नका. ट्रॅप शोधायचं बटण तिच्यावर चालू ठेवून हळू चाला. दुसरं काही काम दिलं की ते बंद होतं आणि पुन्हा चालू करावं लागतं. हे विसरल्यामुळं जेवढे लोक मरतात तेवढे शत्रूमुळं मरत नसतील.

पुढं झार आणि माँटॅरॉन भेटतात. दोघंही दुष्ट बाजूचे. पुढं ज्यांना घ्यायचं आहे त्या खालिद आणि जाहेरा यांच्याशी त्यांचं पटत नाही. पहिल्या खेपेला नम्रपणे नको म्हणा. वाटेत रेंगाळू नका, नकाशाच्या कोपऱ्या-कोपऱ्यात जाऊन धुकं उघडू नका, थेट उत्तरेला फ्रेंडली आर्म गाठा. तिथं पोचल्याबरोबर, पायरीजवळ जायच्या आधी, वेगळ्या नावानं सेव्ह करा. क्विकसेव्हवर विसंबू नका, त्यावर पुढचा क्विकसेव्ह चढतो आणि मरायच्या एक सेकंद आधीची अवस्था कायम होऊन बसते.

पायऱ्यांवरचा टार्नेश

जादूगाराचं नाव टार्नेश. तो काय करतो हे ठरलेलं आहे. बोलणं संपलं की आधी मिरर इमेज, म्हणजे स्वतःच्या चार-पाच खोट्या प्रतिमा उभ्या करतो, मग हॉरर टाकतो. हॉररच्या घेऱ्यात सापडलेला माणूस घाबरून सैरावैरा पळतो, तुमचा हुकूम ऐकत नाही, आणि मग त्याला मॅजिक मिसाइल टोचत राहतात. त्याच्याकडं हिट पॉइंट मात्र थोडेच. म्हणून सगळी लढाई वेळेची आहे.

पायरीखालीच पॉज करा. इमोएनला हिरोपासून चांगलं दूर उभं करा, बाण तिथून पोचेल एवढ्या अंतरावर. हॉररचा घेरा दोघांवर एकदम पडू नये हा हेतू. एक पळाला तरी दुसरा लढतो. हिरोच्या हातात धनुष्य, इमोएनच्या हातात कांडी तयार. मग एकट्या हिरोला टार्नेशकडं जाऊ द्या. तो काय विचारतो याला काहीही उत्तर दिलंत तरी भांडण होतंच, शब्दांत वेळ घालवू नका.

बोलणं संपताच गेम थांबवा. दोघांचाही नेम टार्नेशवर. मिरर इमेज उभी राहिली की नुसत्या एकेका बाणानं खोट्या प्रतिमा फुटत जातात, त्या मोजत राहा. हिरोचा दुसरा बाण आणि इमोएनची कांडी इथं कामी येते. मंत्र म्हणता म्हणता त्याला एक जरी जखम झाली तर तो मंत्र फुकट जातो. म्हणून तो हात हलवायला लागला की बाण त्याच क्षणी सुटायला हवा, राउंडच्या शेवटी नाही. 

हॉरर लागलाच तर घाबरलेल्या माणसाला हाक मारत बसू नका, दुसऱ्याकडं वळा. अंगणातले पहारेकरीही भांडण बघून धावतात. तुमच्या हातात चार-पाच राउंड टिकणं असेल तर उरलेलं काम ते करतात. हिरोला पळवायचंच तर त्यांच्या दिशेनं पळवा, बाहेर रानाकडं नाही.

हरलात तर मजकुराची चौकट वर सरकवा आणि फासे वाचा. तुम्हाला किती पडले, किती हवे होते? नुसतेच वाईट फासे असतील तर त्याच डावानं पुन्हा जा, तो बरोबर आहे. पण दोन्ही माणसं एकदमच पळालेली दिसली तर चूक उभं राहण्यात झाली.

टार्नेश पडल्यावर त्याच्याजवळची स्क्रोल (मंत्र लिहिलेले कागद) उचला, त्यात कामाचे मंत्र असतात. आत खालिद आणि जाहेरा वाट बघत असतात. पार्टी झाली चौघांची.

आता लेव्हल वाढवायची

लढवय्याला दुसऱ्या लेव्हलला २००० अनुभव लागतो. मारल्याचा अनुभव सगळ्यांत वाटला जातो. कोबोल्डचे ७ मिळतात. चौघांत प्रत्येकी दोनच्याही आत. कोबोल्ड मारून लेव्हल वाढवायची तर हजारावर कोबोल्ड लागतील. म्हणून रानात शिकार करत फिरू नका, लोकांची कामं करा. फ्रेंडली आर्ममधल्या जोइयाची अंगठी उत्तरेकडच्या हॉबगॉब्लिनांकडं आहे, तिथून सुरुवात करा. तिथल्याच लँड्रिनचं बेरेगॉस्ट गावातल्या घरातल्या कोळ्यांचं काम मात्र पुढं ढकला. कोळी विषारी आहेत आणि पहिल्या लेव्हलला विष उतरवायचं फारसं साधन हातात नसतं.

दक्षिणेकडं बेरेगॉस्टच्या वाटेवर एक ओगर, म्हणजे धिप्पाड राक्षस, आहे. एका फटक्यात माणूस आडवा करतो, पण एकट्याचेच २७० मिळतात. त्याच्याशी कुणी समोरासमोर भिडायचं नाही. चौघांच्या हातात लांबून मारायचं काही तरी द्या, अर्धवर्तुळात उभे राहा. तो ज्याच्यामागं लागेल त्यानं पळत राहायचं, बाकीच्यांनी बाण मारायचे. त्याच्याकडं दोन कमरपट्टे मिळतात. कुणालाही बांधून बघू नका. त्यातला एक शापित आहे, बांधला की नर असेल तर मादी आणि मादी असेल तर नर होतो आणि सुटत नाही. न ओळखलेली वस्तू आधी दुकानात पैसे देऊन ओळखून घ्यायची, हा नियमच करा.

बॅसिलस नावाच्या वेड्या धर्मगुरूला मारल्याबद्दल बेरेगॉस्टच्या देवळात ५००० सोन्याची नाणी मिळतात. त्याच्याभोवती सांगाडे असतात. तो तुम्हाला आपला नातलग समजून बोलायला लागतो. त्याच्या कलानं बोलत, मग त्याला खरं आठवायला लावलंत तर सांगाडे कोसळतात आणि तो एकटा उरतो. उलट बोललात तर सगळे एकदम अंगावर येतात. सांगाड्यांवर बाण नकोत, ठेचणारी हत्यारं घ्या. इथंच मेसवरचे दोन स्टार वसूल होतात.

या भागात लोखंड सडलेलं आहे, गोष्टीचाच तो भाग आहे. त्यामुळं साधी तलवार किंवा मेस ऐन लढाईत तुटते. जादूचं हत्यार तुटत नाही. तोवर प्रत्येक पुढच्या माणसाकडं दुसरं हत्यार ठेवा.

झोप घेतली की मंत्र परत येतात. रानात झोपलात तर शत्रू झोपेत गाठू शकतात, म्हणून झोपायच्या आधी सेव्ह. जमेल तिथं सरायीतली सगळ्यात स्वस्त खोली घ्या, मंत्रांसाठी ती पुरेशी आहे. सोबती मेला तर देवळात पैसे देऊन उठवता येतो, पण फार जबर फटक्यानं छिन्नविछिन्न झाला तर नाही. हिरो मेला तर गेमच संपतो.

नॅशकेलच्या सरायीत शिरताच एक मारेकरीण उभी असते, तिथं टार्नेशसारखीच तयारी ठेवा. गावात मिन्स्कला घेतलंत तर त्याच्या मैत्रिणीला सोडवायला नॉल स्ट्राँगहोल्डला वेळेत जावं लागतं, नाहीतर तो चिडतो. पहिल्या खेपेला नॅशकेलची खाण आधी असं म्हणणाऱ्यांनी त्याला नंतरच भेटावं. खाणीत दोन-तीन लेव्हल झाल्यावरच उतरा. आतले काही कोबोल्ड पेटते बाण मारतात आणि बोळ इतके चिंचोळे की गणपतीच्या आदल्या दिवशीचा मोती चौक आठवावा. पार्टीला एकदम पुढं जायला सांगितलं की मागचे वळसा घालून भलत्याच बोळातून निघतात आणि एकटे सापडतात. म्हणून तिथं एकेकाला हातानं हलवा: इमोएन ट्रॅप शोधत पुढं दोन पावलं, मग खालिद आणि तुमचा ड्वॉर्फ, मग जाहेरा. कोबोल्ड दिसला की इमोएन मागं.

एक फोन, चौघं जण

हा गेम मुळात टेबलाचा, म्हणून एकट्यानं खेळण्यापेक्षा मित्रांसोबत जास्त रंगतो. राजवाड्याच्या चौपाटीवर नाही, तिथं आवाज फार. घरी बसा. फोन टीव्हीला जोडता आला तर उत्तम, नाहीतर मध्ये टेकून ठेवा. एकेकानं एकेक सोबती वाटून घ्यायचा. लढाई थांबली की प्रत्येकानं आपल्या माणसाचा हुकूम तोंडानं सांगायचा, फोन धरणारा तेवढाच दाबतो. त्याला स्वतःचं मत चालवायची मुभा नाही. या एका नियमावरच संध्याकाळ टिकते. लेव्हल वाढली की फोन पुढच्याच्या हातात. तांबोल्याची पिशवी जवळ ठेवा. कुणाचा वार हुकला आणि गेम लबाडी करतोय असं तो म्हणायला लागला, तर त्यालाच पंधरा-वीस चकत्या काढायला लावा, चौकटीतले फासे आणि त्याच्या चकत्या शेजारी शेजारी लिहा.